सीएचा अभ्यास: वाचून झालं, पण आठवून लिहिता येतंय का?

सीएच्या अभ्यासाचा विषय निघाला की पहिला प्रश्न तासांचा असतो. दिवसाला दहा तास पुरतील का, की चौदा लागतील? तास मोजायला सोपे, म्हणून सगळे तेच मोजतात. पण बारा तास लेक्चर बघत बसलेला विद्यार्थी आणि सात तास बसून त्यातले चार तास पेन चालवलेला विद्यार्थी, या दोघांची परीक्षेतली गत सारखी नसते. बऱ्याचदा दुसराच पुढे जातो. असं का होतं हे कळायला दोन गोष्टी माहीत हव्यात: ही परीक्षा नेमकं काय मागते, आणि आपली स्मरणशक्ती कशी चालते. दोन्ही अवघड नाहीत. क्लासच्या धबडग्यात त्या सांगायच्या राहून जातात, एवढंच.

आधी गुणांचा हिशेब

१९४९ च्या चार्टर्ड अकाउंटंट्स कायद्याने स्थापन झालेली आयसीएआय (इन्स्टिट्यूट ऑफ चार्टर्ड अकाउंटंट्स ऑफ इंडिया) ही संस्था तीन पातळ्यांवर परीक्षा घेते: फाउंडेशन, इंटरमिजिएट आणि फायनल. इंटर आणि फायनल मे २०२४ पासून नव्या अभ्यासक्रमाने होतात. दोन्हींत सहा-सहा पेपर, तीन-तीनचे दोन ग्रुप. ग्रुप सुटायला, म्हणजे पास व्हायला, दोन अटी एकाच वेळी पुऱ्या व्हाव्या लागतात: प्रत्येक पेपरात किमान ४० गुण, आणि ग्रुपच्या बेरजेत ५० टक्के, म्हणजे ३०० पैकी १५०.

वरवर साधी वाटणारी ही जोडअट अभ्यासाची आखणीच बदलून टाकते. तिन्ही पेपरांत ४५ मिळाले तर बेरीज १३५, ग्रुप राहिला. ४२, ४५ आणि ६५ मिळाले तर १५२, ग्रुप सुटला. आणि ८०, ७५, ३८ मिळाले तर बेरीज तब्बल १९३ होऊनही ग्रुप राहिला. म्हणजे प्रत्येक ग्रुपमध्ये एक विषय गुण ओढून आणणारा हवा, आणि एकही विषय वाऱ्यावर सोडून चालत नाही. आवडत्या विषयात ७० वरून ७८ वर जायला जेवढे कष्ट पडतात, त्याच्या निम्म्यात नावडता विषय ३८ वरून ४८ वर येतो. तरीही बहुतेक जण आवडत्याच विषयाकडे पुन्हा पुन्हा वळतात, कारण तिथे बरं वाटतं. अभ्यासाचं वेळापत्रक स्वतःच्या मूडवर सोडलं की हे हमखास होतं.

दोन्ही ग्रुप एकत्र देणाऱ्यांना आणखी एक सवलत असते. प्रत्येक पेपरात ४० असतील आणि दोन्ही ग्रुपांची मिळून बेरीज ६०० पैकी ३०० झाली, तर दोन्ही ग्रुप सुटतात. पहिल्यात १४० आणि दुसऱ्यात १६५ असतील तर फक्त पहिला ग्रुप देणारा तिथेच अडकला असता. दोन्ही दिलेला ३०५ वर पार होतो. याचा अर्थ प्रत्येकाने दोन्ही द्यावेत असा मुळीच नाही. सहाही विषयांची निदान दोन पूर्ण उजळणी होणार असेल तरच या सवलतीचा उपयोग. सहा विषय अर्धवट करून बसलेल्याला ती वाचवत नाही, कारण त्याची पडझड बेरजेत होत नाही, एखाद्या पेपरातल्या ३४ वर होते.

ग्रुपचे सगळे पेपर देऊनही ग्रुप राहिला, पण एखाद्या पेपरात ६० किंवा जास्त पडले, तर त्या पेपरातून पुढच्या तीन परीक्षांपुरती सूट मिळते. विद्यार्थी तिला एक्झम्प्शन म्हणतात. हे गुण पुढच्या वेळी बेरजेतही धरले जातात. म्हणून लक्ष्य ५० चं ठेवू नये. ५० चं ठेवलं की घसरून ४३ येतात. ६० चं ठेवून घसरलात तरी ५२ हातात राहतात, आणि न घसरता ग्रुप राहिलाच तर निदान एक पेपर कमी होतो.

ओळखीचं वाटणं आणि आठवणं

आता स्मरणशक्तीकडे. अकाउंट्स शिकलेल्या प्रत्येकाला माहीत असतं की ट्रायल बॅलन्स (सगळ्या खात्यांच्या जमा आणि नावे बाकींची यादी) जुळला म्हणून हिशेब बरोबर आहेत असं होत नाही. तत्त्वाची चूक, एकमेकींना भरून काढणाऱ्या चुका, सुटून गेलेली नोंद, यातलं काहीच तो दाखवत नाही. प्रकरण तिसऱ्यांदा वाचताना ‘हे येतंय मला’ असं जे वाटतं, ते या जुळलेल्या ट्रायल बॅलन्ससारखं आहे. वाक्यं ओळखीची झाली आहेत, एवढाच त्याचा अर्थ. पुस्तक मिटल्यावर ती आठवतील की नाही, याबद्दल ते काहीच सांगत नाही.

रोडिगर आणि कार्पिक या दोन मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये हे फार छान दाखवलं. विद्यार्थ्यांना उतारे वाचायला दिले. काहींनी तोच उतारा पुन्हा वाचला, काहींनी उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी चाचणी घेतली तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते: त्यांना ८१ टक्के आठवलं, लिहिणाऱ्यांना ७५. आठवड्याने पारडं फिरलं. पुन्हा वाचणारे ४२ टक्क्यांवर आले, आठवून लिहिणारे ५६ वर टिकले.

या प्रयोगातला पाच मिनिटांचा आकडा मला जास्त महत्त्वाचा वाटतो. पुन्हा वाचल्याने लगेच खरोखर बरं आठवतं. म्हणूनच ही सवय सुटत नाही. फायदा त्याच संध्याकाळी दिसतो आणि तोटा परीक्षेच्या हॉलमध्ये. आठवून लिहिण्याचं उलटं आहे: करताना त्रास होतो, कोऱ्या कागदासमोर आपण मठ्ठ आहोत असं वाटतं, आणि टिकतं मात्र तेच. डनलॉस्की आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये अभ्यासाच्या दहा पद्धतींवरचं संशोधन एकत्र तपासलं, तेव्हा स्वतःची चाचणी घेणं आणि अभ्यास अंतराअंतराने करणं या दोन पद्धती सर्वांत उपयोगी ठरल्या. पुन्हा वाचणं आणि रंगीत पेनाने अधोरेखन करणं या दोघांचा क्रमांक तळाशी लागला. स्टडी मटेरियलची पानंच्या पानं पिवळी-गुलाबी करणाऱ्यांनी याची नोंद घ्यायला हरकत नाही.

सीएच्या अभ्यासात हे करायचं कसं? ऑडिटमधलं एखादं स्टँडर्ड वाचलंत, समजा एसए (स्टँडर्ड ऑन ऑडिटिंग) ५७०, गोइंग कन्सर्न, म्हणजे कंपनी पुढे चालू राहील का याबद्दलचं. वाचून झालं की पुस्तक मिटा आणि कोऱ्या पानावर लिहा: हे स्टँडर्ड कशासाठी आहे, शंका यावी अशा आर्थिक आणि कामकाजाच्या खुणा कोणत्या, ऑडिटरने काय तपासायचं, आणि रिपोर्टवर त्याचा काय परिणाम होतो. दहा मिनिटं. मग पुस्तक उघडा आणि सुटलेलं वेगळ्या शाईने त्याच पानावर भरा. दुसऱ्या शाईतला मजकूर म्हणजे तुमचा खरा उरलेला अभ्यास. पुढच्या वेळी तेवढंच वाचायचं. अकाउंट्स, कॉस्टिंग, एफएम (फायनान्शियल मॅनेजमेंट) यांत हेच काम गणित करतं, पण एक अट पाळावी लागते: उत्तर झाकून, पेन घेऊन, शेवटच्या आकड्यापर्यंत. सोडवलेलं उदाहरण डोळ्यांनी वाचत ‘हो, हो, बरोबर’ म्हणत जाणं हाही वाचनाचाच प्रकार आहे. व्हिडिओवर सर सोडवताना बघणं तर त्याहून आरामाचा. दुप्पट वेगाने बघितलेलं लेक्चर वाईट नसतं. ते संपलं की विषय झाला असं मानणं वाईट.

विसरणं गृहीत धरून आखणी

हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरच केलेले प्रयोग प्रसिद्ध केले. निरर्थक अक्षरगट पाठ करायचे आणि किती वेळाने किती विसरतो ते मोजायचं. विसरण्याचा मोठा हिस्सा सुरुवातीच्या काही तासांत आणि दिवसांत उरकतो, नंतर वेग मंदावतो, हे त्यातून दिसलं. कंपनी कायदा निरर्थक नाही (रात्री अकराला तसा वाटू शकतो), पण सुरुवातीची घसरगुंडी त्यालाही लागू आहे. जानेवारीत एक विषय ‘संपवून’ थेट एप्रिलमध्ये उघडला की तो नवाच वाटतो, तो यामुळे. त्यात तुमच्या बुद्धीचा दोष नाही, आखणीचा आहे.

उपाय म्हणजे भेटी वाढवणं आणि त्या लांबत्या अंतराने ठेवणं. आज शिकलेलं प्रकरण उद्या दहा मिनिटं, आठवड्याने अर्धा तास, महिन्याने पुन्हा एकदा. प्रत्येक भेटीत आधी आठवायचं, मग बघायचं. म्हणून एका वेळी एकच विषय महिनाभर धरून बसण्यापेक्षा दिवसात दोन विषय ठेवणं बरं: एक गणिताचा, एक थिअरीचा. सकाळी कॉस्टिंग, संध्याकाळी लॉ. डोकं थकण्याची जातही दोन्हींत वेगळी असते, त्यामुळे चार तास जास्त निघतात.

या आखणीचं टोक शेवटच्या टप्प्याला येतं. दोन पेपरांमध्ये बहुतेक वेळा जेमतेम एखादा दिवस असतो. पेपर देऊन घरी आल्यापासून पुढच्या पेपरापर्यंत हातात साधारण दीड दिवस. त्या दीड दिवसात अख्खा विषय डोळ्यांखालून गेला पाहिजे. सगळी तयारी या दीड दिवसासाठी असते असं मी म्हणेन, आणि नोट्सची कसोटीही तीच. चारशे पानांच्या नोट्स दीड दिवसात वाचून होत नाहीत. मग त्या कितीही सुंदर अक्षरात असल्या तरी शेवटच्या क्षणी निरुपयोगी. पहिल्या फेरीत नोट्स काढूच नका, कारण तेव्हा सगळंच महत्त्वाचं वाटतं आणि पुस्तक उतरवून निघतं. दुसऱ्या फेरीत काढा. जे आठवत नाही, जे वारंवार चुकतं, जे उलटसुलट होतं, एवढंच त्यात जावं. टॉपरच्या नोट्स उसन्या आणून भागत नाही ते याच कारणाने: त्यात टॉपर जे विसरायचा ते लिहिलेलं असतं.

प्रकरणाचं नाव झाकून सराव

स्टडी मटेरियलमध्ये प्रश्न प्रकरणाच्या शेवटी असतात. एएस ४ (अकाउंटिंग स्टँडर्ड ४, ताळेबंदाच्या तारखेनंतरच्या घटनांबद्दलचं) च्या प्रकरणानंतरचा प्रश्न एएस ४ चाच असणार हे तुम्हाला न वाचताच कळलेलं असतं. परीक्षेत मात्र प्रश्न कपाळावर स्टँडर्डचा क्रमांक लावून येत नाही. अर्धी परीक्षा ‘हा प्रश्न कशाचा आहे’ हे ओळखण्याची असते, आणि त्याचा सराव कुणी केलेलाच नसतो.

समजा प्रश्नात तीन घटना दिल्यात. ३१ मार्चला येणं असलेला, आधीच डबघाईला आलेला ग्राहक एप्रिलमध्ये दिवाळखोर ठरला. मे महिन्यात गोदामाला आग लागली. आणि गेल्या वर्षीच्या स्टॉकच्या मोजणीत चूक होती असं यंदा लक्षात आलं. पहिल्या दोन घटना एएस ४ च्या, पण वागणूक वेगळी: ग्राहकाची वाईट स्थिती ताळेबंदाच्या तारखेलाच होती, म्हणून आकडे बदलायचे, आग नंतरची, म्हणून आकडे तसेच. तिसरी घटना एएस ५ मधली प्रायर पिरियड आयटम, म्हणजे आधीच्या वर्षातल्या चुकीची यंदाची दुरुस्ती. त्यात डेप्रिसिएशनची (घसाऱ्याची) पद्धत एसएलएमवरून (दरवर्षी सारखा घसारा) डब्ल्यूडीव्हीवर (उरलेल्या किमतीवर घसारा) नेल्याची चौथी घटना घातली की सापळा पूर्ण. ‘पद्धत’ हा शब्द बघून बरेच जण ती अकाउंटिंग पॉलिसीतला बदल समजतात. एएस १० प्रमाणे तो अंदाजातला, एस्टिमेटमधला, बदल धरला जातो आणि परिणाम पुढच्या काळापुरता दाखवला जातो. जुनी पुस्तकं वापरणारे इथे नक्की घसरतात, कारण पूर्वी नियम उलटा होता.

मिसळून सराव केल्याने काय फरक पडतो, हे रोहरर आणि टेलर यांच्या २००७ च्या प्रयोगात दिसतं. विद्यार्थ्यांना चार अनोळखी घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं. एका गटाने एकेका आकृतीची गणितं सलग सोडवली, दुसऱ्याने सगळी मिसळून. सरावाच्या वेळी सलगवाले ८९ टक्के बरोबर, मिसळवाले ६० टक्के. आठवड्यानंतरच्या चाचणीत सलगवाले २० टक्क्यांवर कोसळले आणि मिसळवाले ६३ वर होते. सराव करताना चुका होतात म्हणून घाबरून पुन्हा प्रकरणवार सरावाकडे पळू नये, हे सांगायला यापेक्षा चांगले आकडे मला माहीत नाहीत.

असा मिसळलेला सराव आयसीएआयच फुकट देते. रिव्हिजन टेस्ट पेपर म्हणजे आरटीपी, मॉक टेस्ट पेपर म्हणजे एमटीपी, आणि आधीच्या परीक्षांची सजेस्टेड आन्सर्स. खासगी प्रश्नसंचांच्या मागे धावण्याआधी हे संपवा. सजेस्टेड आन्सर्स वाचताना उत्तराइतकंच लक्ष त्याच्या मांडणीकडे द्या. पेपर तपासणाऱ्याला काय अपेक्षित असतं याचा त्याहून जवळचा पुरावा आपल्याला मिळत नाही.

उत्तर कसं लिहायचं

लॉ आणि ऑडिटमध्ये मुलं म्हणतात, ‘उत्तर बरोबर होतं, तरी गुण नाहीत.’ बहुतेक वेळा निष्कर्ष बरोबर असतो आणि वाट दाखवलेली नसते. एक उदाहरण घेऊ. खासगी क्षेत्रातली एक कंपनी १ जूनला नोंदली गेली. संचालक मंडळाने २० जुलैला पहिला ऑडिटर नेमला. नेमणूक वैध आहे का?

‘नाही, कारण मुदत संपली होती’ हे उत्तर बरोबर आहे आणि त्याला फार तर एखादा गुण मिळेल. नीट उत्तर आधी तरतूद सांगतं: कंपनी कायदा २०१३ च्या कलम १३९(६) नुसार सरकारी कंपनी सोडून इतर कंपनीचा पहिला ऑडिटर संचालक मंडळाने नोंदणीपासून ३० दिवसांत नेमायचा असतो. मंडळाने नेमला नाही तर त्याने सभासदांना कळवायचं आणि सभासदांनी ९० दिवसांत असाधारण सर्वसाधारण सभेत नेमायचा. मग प्रश्नातली वस्तुस्थिती तरतुदीला भिडवायची: १ जून ते २० जुलै हा काळ ३० दिवसांपेक्षा जास्त आहे, त्यामुळे मंडळाचा अधिकार संपला होता. आणि शेवटी निष्कर्ष: नेमणूक वैध नाही, ती सभासदांनी करायला हवी. तीन छोटे परिच्छेद, सहा-सात ओळी. कलमाचा क्रमांक खात्रीने आठवत नसेल तर ‘कंपनी कायद्यातील तरतुदीनुसार’ असं लिहून पुढे जा. चुकीचा क्रमांक ठोकून दिला तर तपासणाऱ्याच्या डोळ्यात तोच आधी खुपतो.

गणिताच्या पेपरात हीच भूमिका वर्किंग नोट्स, म्हणजे उत्तरासोबत दाखवलेली आकडेमोड, बजावतात. अंतिम आकडा चुकला तरी टप्प्यांचे गुण मिळतात, पण टप्पे दिसले तर. कॅल्क्युलेटरवर केलेल्या कामाचे गुण कुणाला मिळत नाहीत.

चुकांची वही

टेस्ट सिरीज लावणारे पुष्कळ असतात, तपासून आलेला पेपर उघडून बघणारे थोडे. गुण बघायचे, उदास व्हायचं किंवा खूश, आणि पेपर कपाटात. पेपर सोडवण्यातला निम्मा फायदा तिथेच बुडतो.

एक वही करा आणि गेलेल्या प्रत्येक गुणाला कारण लावा. संकल्पनाच कळली नव्हती? कळली होती पण प्रश्नात ओळखता आली नाही? ओळखली पण बेरीज-वजाबाकीत घसरलात? प्रश्न नीट वाचला नाही, ‘नाही’ हा शब्दच सुटला? की वेळच संपला? प्रत्येकाचा इलाज निराळा. न कळलेल्याला पुन्हा शिकणं लागतं, न ओळखलेल्याला मिसळून सराव, आकडेमोडीच्या चुकांना सुटसुटीत मांडणी, वेळेला घड्याळ लावून सराव. ‘कॉस्टिंग कच्चं आहे’ असं म्हणत सगळं पुस्तक पहिल्यापासून काढून बसणाऱ्याला अनेकदा कॉस्टिंग येत असतं. तो फक्त प्रश्न घाईने वाचत असतो.

तीन तासांचं घड्याळ

फायनलचा सहावा, पुस्तकं जवळ ठेवून सोडवायचा पेपर निराळ्या धाटणीचा आहे. तो सोडला तर इंटर आणि फायनलच्या पेपरात ३० गुण बहुपर्यायी प्रश्नांचे आणि ७० लेखी असतात. १८० मिनिटांत १०० गुण म्हणजे गुणाला १.८ मिनिटं, आणि १४ गुणांच्या प्रश्नाला साधारण २५ मिनिटं. बहुपर्यायी प्रश्नांना या हिशेबाने ५४ मिनिटं येतात. सराव असेल तर ती चाळीसच्या आसपास आणता येतात आणि वाचलेला वेळ लेखीला मिळतो. पंचविसाव्या मिनिटाला बॅलन्स शीट जुळलं नसेल तर जागा सोडा आणि पुढच्या प्रश्नाला हात घाला. अडलेल्या प्रश्नातले शेवटचे दोन गुण मिळवायला जेवढा वेळ जातो, तेवढ्यात नव्या प्रश्नाचे पहिले सहा-सात गुण सहज मिळतात.

सुरुवातीची पंधरा मिनिटं फक्त प्रश्नपत्रिका वाचायला असतात. त्यात ठरवायचं एकच: लेखीतला पर्यायी प्रश्न कोणता सोडायचा. तो आधीच ठरला की मधेच मन बदलून पाच पानं खोडण्याची वेळ येत नाही.

इंटर-फायनलच्या बहुपर्यायी प्रश्नांना चुकीसाठी गुण कापत नाहीत, तेव्हा एकही गोल कोरा ठेवू नये. फाउंडेशनच्या तिसऱ्या आणि चौथ्या पेपरात मात्र चुकीला पाव गुण जातो. तिथेही हिशेब मांडून बघण्यासारखा आहे. चार पर्यायांतून डोळे मिटून ठोकलेल्या एका गुणाच्या उत्तराची सरासरी कमाई: पाव शक्यतेने एक गुण, पाऊण शक्यतेने पाव गुणाचा तोटा, म्हणजे निव्वळ १/१६ गुण. जवळपास शून्य. एक पर्याय खात्रीने बाद करता आला तर तीच कमाई १/६ होते, दोन बाद झाले तर ३/८. तेव्हा निव्वळ अंदाज ठोकण्यात अर्थ नाही, अर्धवट माहितीवरचा अंदाज मात्र घ्यावा.

आणखी एक बारीक गोष्ट. पेपर दुपारी दोनला सुरू होतात. जेवणानंतर डुलकी काढायची सवय असलेल्यांनी निदान शेवटचा महिना सरावाचे पूर्ण पेपर दोन ते पाच याच वेळेत, एका बैठकीत, हाताने लिहून द्यावेत. वर्षभर कीबोर्डवर चालणारा हात तीन तास लिहायला लागला की दुसऱ्या तासातच दुखतो, आणि अक्षर कोसळतं.

वेळ आणि बदलते नियम

नव्या योजनेत आर्टिकलशिप (सीएच्या हाताखाली करायचं प्रत्यक्ष कामाचं प्रशिक्षण) दोन वर्षांची आहे आणि ती संपल्यावर सहा महिन्यांनी फायनल देता येते. ते सहा महिने पूर्ण वेळ अभ्यासाचे, हे खरं. पण आर्टिकलशिपची दोन वर्षं कोरी घालवून सगळं त्या सहा महिन्यांवर टाकलं की सहाही विषयांची पहिलीच फेरी तिथे सुरू होते आणि उजळणीला जागा उरत नाही. नोकरीच्या दिवसांत रोज चार तास काढण्याच्या बाता मारू नयेत. ऑडिट आणि रिटर्नच्या सीझनमध्ये ते जमत नाही. रोज तास-दीड तास एका विषयाला आणि रविवारी एक लिहून सोडवलेला पेपर, एवढ्यात दोन वर्षांत निदान तीन विषयांची पहिली फेरी होते. ऑफिसात जीएसटीचं रिटर्न भरताना किंवा बँक ऑडिटला गेल्यावर त्या संध्याकाळी तेच प्रकरण काढा. हाताने केलेलं काम कलमाला चिकटून राहतं.

टॅक्सच्या बाबतीत तर तुमच्या अटेम्प्टला कोणता कायदा लागू आहे हे इन्स्टिट्यूटच्या घोषणेत बघितल्याशिवाय नोट्स उघडूच नका. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी आयकर कायदा २०२५ आला आहे आणि कलमांचे क्रमांक बदलले आहेत. वरच्या बॅचच्या दादाने प्रेमाने दिलेली वही इथे सरळ गोत्यात आणू शकते.

निकाल लागल्यावर

आता तिन्ही पातळ्यांच्या परीक्षा वर्षातून तीनदा होतात. निकाल यायला महिन्याहून जास्त काळ जातो, म्हणजे ग्रुप राहिला तर पुढच्या परीक्षेला उरतात दोन-अडीच महिने. तेवढ्यात सगळं पहिल्यापासून वाचायला घेणं हा सर्वांत वाईट पर्याय. आधी गुणपत्रिका नीट बघा. ४० च्या खाली गेलेला पेपर कोणता, की सगळे ४५ च्या घरात राहून बेरीज कमी पडली? पहिल्या प्रकारात त्या एका विषयाला निम्मा वेळ द्यावा लागेल. दुसऱ्या प्रकारात सर्वांत पटकन ६० च्या पुढे जाऊ शकणारा विषय निवडून त्याच्यावर जोर द्यायचा.

ठरलेल्या मुदतीत अर्ज केला की आपल्याच उत्तरपत्रिकेची प्रत मिळते. ती जरूर मागवा, आणि सजेस्टेड आन्सर शेजारी ठेवून ओळीनुसार ताडून बघा. किती प्रश्न सोडून दिले, कुठे निष्कर्षापर्यंत पोचलातच नाहीत, कुठे वर्किंग नोट्स गायब आहेत, शेवटच्या चार पानांवर अक्षराचं आणि उत्तरांच्या लांबीचं काय झालं. पुढच्या दोन महिन्यांत काय करायचं याची यादी त्या पानांवरूनच काढा.